म्हात्रे यांची भावकी

१६७०च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांची फौज दुसऱ्यांदा सुरतेत शिरली, तेव्हा तिथल्या इंग्रजी वखारीचा बचाव करणाऱ्या माणसाचे नाव होते स्ट्रेनशॅम मास्टर. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला. त्याच्या कर्तबगारीशी आपल्याला इथे कर्तव्य नाही. आहे ते त्याच्या आडनावाशी. कारण हे इंग्रजी आडनाव आणि ठाण्यात माजिवड्यापासून गायमुखापर्यंत घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्यांवर भेटणारे ‘म्हात्रे’ हे आडनाव, ही दोन्ही एकाच घराण्यातली असावीत. पुरावा मात्र पायरीपायरीने तपासावा लागेल, कारण या घराण्यात एक तोतयाही शिरलेला दिसतो.

आधी आपले म्हात्रे. या आडनावातला ‘त्र’ फसवा आहे. मराठीने प्राकृताच्या वाटेने जे शब्द घेतले त्यांत संस्कृतातला ‘त्र’ सहसा टिकत नाही. रात्रीची ‘रात’ झाली आणि सूत्राचे ‘सूत’. तेव्हा जुन्या देशी शब्दात ‘त्र’ दिसला की तो मूळचा नसून मागाहून झाला असावा, असा संशय घ्यावा. ‘कात्री’ पाहा. संस्कृत कर्तरी, प्राकृत कत्तरी, मग कातरी, आणि मधला अकार गिळला गेल्यावर कात्री. खेड्यात अजून ‘कुतरा’ म्हणतात, शहरात त्याचा ‘कुत्रा’ झाला आहे. (उदाहरण जरा अपमानास्पद आहे, पण ध्वनिनियमांना मानापमान नसतो.) त्याच हिशेबाने म्हात्रेच्या मागे ‘म्हातरा’ असला पाहिजे, म्हातराच्या मागे ‘महत्तर’. ‘मह’चा ‘म्ह’ होणे ही तर मराठीची खोडच आहे. महिषीची ‘म्हैस’ झाली ती याच रीतीने. जोड ‘त्त’ सुटा झाला की आधीचा स्वर लांबतो, जसा सप्त, सत्त, सात यांत. शेवटचा एकार आदरार्थी अनेकवचनाचा. फडके, गोखले, ठाकरे यांच्यात जो आहे तोच.

महत्तर म्हणजे ‘अधिक मोठा’. शब्द तुलनावाचक, पण वापर पदनामासारखा. बंगालात दामोदरपूरला सापडलेल्या गुप्तकालीन ताम्रपटांत गावच्या कारभारात महत्तर, अष्टकुलाधिकरण, ग्रामिक आणि कुटुंबी अशी मंडळी एका ओळीत येतात. राष्ट्रकूटांच्या दानपत्रांत राजा ज्यांना उद्देशून आज्ञा देतो त्यांत राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट यांच्यामागून शेवटी महत्तर येतो. (राष्ट्रपती तेव्हा प्रांताचा अधिकारी होता; त्या शब्दाला बढती आपण अगदी अलीकडे दिली.) वलभीच्या मैत्रकांच्या ताम्रपटांत आयुक्तक, द्रांगिक, महत्तर आणि पुढे ध्रुव हा अधिकारीही आहे. गुजरातेत ‘ध्रुव’ हे आडनाव आजही आहे, आणि ते आकाशातल्या ताऱ्यावरून आले नसून या हिशेबनिसावरून आले असावे. सांगायचे इतकेच की पश्चिम किनाऱ्यावर महत्तर हा हजार-बाराशे वर्षांपूर्वी गावचा जाणता, वजनदार, राजाज्ञा ज्याला ऐकवायची असा माणूस होता.

स्त्रीलिंगी रूपही होते. जैन संघात ज्येष्ठ साध्वीला ‘महत्तरा’ म्हणत. आठव्या शतकातले हरिभद्रसूरी स्वतःला याकिनी महत्तरेचा पुत्र म्हणवून घेतात. ती त्यांची जन्मदात्री नव्हे, धर्ममाता. थोर तर्कपंडिताने आपली ओळख एका महत्तरेच्या नावाने द्यावी, हे मला त्या शब्दाच्या साऱ्या इतिहासातले सर्वांत गोड वळण वाटते.

उत्तर कोकणात हे पद बराच काळ टिकलेले दिसते. जुन्या गावकारभारात पाटलाच्या जोडीला मढवी आणि म्हातारा ही नावे येतात. तिन्ही आज ठाण्याच्या परिसरात आडनावे होऊन बसली आहेत. पाटील हा शिलालेखांतला पट्टकिल, पट्ट म्हणजे वस्त्र वा सनद धारण करणारा. म्हात्रे हे आडनाव एका जातीचे नाही, ही गोष्टही बोलकी आहे. आगऱ्यांत म्हात्रे आहेत, कोळ्यांत आहेत, पाचकळशांतही आहेत. एखादे आडनाव असे जाती ओलांडून पसरलेले दिसले तर त्याच्या मागे कूळ नसून हुद्दा असण्याचा संभव अधिक. इंग्लंडात रीव्ह आणि रीव्ह्ज आडनावाची माणसे सर्वत्र सापडतात, कारण रीव्ह हा गावोगावचा कारभारी होता. शायरचा, म्हणजे परगण्याचा, जो रीव्ह तो शेरीफ.

इथे कोणी म्हणेल, महत्तर कशाला, ‘महामात्र’ का नको? त्यात ‘त्र’ आयताच आहे, अर्थही भारदस्त, आणि घोडबंदरच्या खाडीपलीकडे वसई, तिच्या जरा वर सोपारा, तिथे तर साक्षात अशोकाचे लेख सापडलेले. मोह पडण्यासारखीच वाट आहे. पण सोपाऱ्याला मिळाले ते आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे. धर्ममहामात्र नेमल्याची हकिकत पाचव्या लेखात आहे. तो योगायोग सोडला तरी ध्वनी आड येतात. महामात्रातला दुसरा ‘म’ दोन स्वरांमध्ये सापडतो आणि पुढे त्याचा ‘व’ होतो: महामात्र, महामत्त, महावत, माहूत. म्हणजे महामात्राचा वारस आपल्याकडे आहेच, तो हत्तीवर बसला आहे. संस्कृतातच या शब्दाला मोठा अमात्य आणि हत्ती हाकणारा असे दोन्ही अर्थ होते. म्हात्रे आडनावात त्या दुसऱ्या ‘म’ची कसलीच खूण नाही, तेव्हा महामात्राचा दावा फेटाळावा.

महत्तराचा दुसरा वारस आपण रोज वापरतो आणि ओळखत नाही: म्हातारा. मोठा, मग वडीलधारा, मग वयाने पिकलेला, आणि शेवटी नुसताच जख्ख. मान गळून पडला, वय तेवढे उरले. अशी घसरण एकट्या याच शब्दाची नाही. बौद्ध संघातला पूज्य स्थविर पालीत ‘थेर’ झाला, आणि मराठीत त्याला तुच्छतेचा ‘ड’ चिकटून ‘थेरडा’ झाला असावा. इतरत्र उलटही घडते. अरबीत ‘शेख’ म्हणजे मुळात वृद्ध, पुढे सरदार. लॅटिन ‘सेनिओर’ म्हणजे जास्त वयाचा; त्यातून इंग्रजांचा ‘सर’ निघाला, फ्रेंचांचा ‘मस्य’ निघाला. इंग्रजी ‘एल्डर’ पिकला तो नगरसभेत ‘आल्डरमन’ होऊन बसला. आपण मात्र एकाच शब्दाचे दोन भाग केले: ज्याला मान द्यायचा तो म्हात्रे, ज्याला बाकावर जागा द्यायची तो म्हातारा. उत्तरेत हाच महत्तर ‘महतो’ झालेला दिसतो आणि बिहार-झारखंडात आडनाव म्हणून नांदतो. गुजरातचा ‘मेहता’ याच गोतातला असावा, पण त्याच्यावर ‘महित’, म्हणजे पूजिलेला, हा शब्दही हक्क सांगतो.

आता तो तोतया. घोडबंदर हे नाव घोडा आणि फारसी ‘बंदर’ यांचे. अरबस्तानातून येणारे घोडे इथे उतरत, अशी परंपरागत समजूत. घोडे आले म्हणजे त्यांचा खरारा करणारे आले, आणि फारसीत घोड्याच्या मोतद्दाराला म्हणतात ‘मिहतर’. शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘अधिक मोठा’: ‘मिह्’ म्हणजे मोठा, पुढे ‘तर’. शाहनाम्याच्या काळच्या फारसीत मिहतर म्हणजे सरदार, राजपुरुष. चित्रालच्या संस्थानिकाचा किताब शेवटपर्यंत ‘मेहतर’ असाच होता. तोच शब्द इराणात तबेल्यात उतरला आणि हिंदुस्थानात आणखी खाली, मैला उचलणाऱ्याच्या माथी आला. हा उपहास होता की सांत्वन, यावर कोशकारांनी बराच खल केला आहे. मला वाटते दोन्ही नसावे, ही समाजाची सोय असावी. काम घाण द्यायचे आणि नाव मोठे द्यायचे, म्हणजे मजुरीत वाढ करावी लागत नाही. सफाई कामगाराला ‘जमादार’ म्हणणारे आणि आचाऱ्याला ‘महाराज’ म्हणून हाक मारणारे आपणच.

तबेल्यातून उलट दिशेने निघालेला एक शब्द युरोपात आहे. जुन्या जर्मानिक बोलीत ‘मर्ह’ म्हणजे घोडा आणि ‘स्काल्क’ म्हणजे चाकर. हा घोडेचाकर राजाच्या पागेत वाढला, पागेचा प्रमुख झाला, सेनेचा झाला, आणि ‘मार्शल’ म्हणून फील्डमार्शलपर्यंत पोचला. मार्शल आडनावाच्या इंग्रजाचा पूर्वज खरारा करीत होता, आणि मेहतर म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाच्या पदनामाचा पूर्वज गादीवर होता.

मिहतर आणि महत्तर शेजारी ठेवले की कोणालाही ते जुळे वाटतील. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या १८८६च्या कोशानेही मिहतराची सांगड लॅटिन ‘मायोर’शी घातली होती. पण इथे खोच आहे. संस्कृत ‘महत्’मधला ‘ह’ कुठून आला ते पाहण्यासाठी ‘अहम्’ हा शब्द घेऊ. संस्कृत अहम्, लॅटिन ‘एगो’, आणि इराणी सम्राट दारयवहूच्या शिलालेखांतल्या प्राचीन फारसीत ‘अदम्’. म्हणजे संस्कृतात या जातीचा ‘ह’ असेल तिथे लॅटिनमध्ये ‘ग’ आणि प्राचीन फारसीत ‘द’ अपेक्षित. संस्कृत ‘महत्’, लॅटिन ‘माग्नुस’: इथे हिशेब जुळला. प्राचीन फारसीत मग या धातूला ‘मद्’सारखे रूप हवे. प्रत्यक्षात ‘सर्वांत मोठा’ यासाठी तिथे शब्द येतो ‘मथिश्त’. हा ‘थ’ संस्कृत ‘श’च्या जागी येणारा, आपल्या ‘शरद्’ला त्यांच्याकडे ‘थरद्’ म्हणतात, अर्थ वर्ष. तेव्हा मिहतरातल्या ‘मिह्’ची नाळ महत्शी न जोडता ग्रीक ‘माक्रोस’, म्हणजे लांब, थोर, याच्याशी जोडणे अधिक सयुक्तिक दिसते. मागचा ‘तर’ तेवढा दोघांचा एक. चेहरा तोच, अर्थ तोच, आणि रक्त वेगळे. मराठीत अशाला मानलेला भाऊ म्हणतात.

उरला लॅटिन ‘मायोर’. तो मात्र रक्ताचा. माग्नुस म्हणजे मोठा, मायोर म्हणजे अधिक मोठा. फ्रेंचात त्याचा ‘मेर’ झाला, इंग्रजीत ‘मेयर’. जर्मन जमीनदाराची शेती पाहणारा कारभारी तोही मायोरच. त्यातून मायर, मेयर ही आडनावे निघाली आणि जर्मनीत आपल्याकडच्या पाटलांसारखी उदंड झाली. इंग्लंडात मेयर आणि फ्रान्सात लमेर ही आडनावे याच पदाची. मुंबईत हा शब्द कंपनीच्या अमलात आला. १७२६च्या सनदेने इथे मेयरचे न्यायालय स्थापले गेले. पुढे सावरकरांनी मेयरला ‘महापौर’ हा प्रतिशब्द दिला. तो करताना त्यांच्या मनात मायोरचे मूळ होते की नाही कोण जाणे, पण ‘महा’ घालून त्यांनी त्या शब्दाला नकळत स्वतःच्याच घरी आणून सोडले. ‘पौर’सुद्धा इथला जुना रहिवासी. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे हे ठाणे. त्यांच्या ताम्रपटांत राजा नगरातल्या ‘पौर’ मंडळींना उद्देशून बोलतो. ठाणे महानगरपालिका १९८२ची असली तरी महापौर या शब्दाचे दोन्ही तुकडे इथे हजार वर्षांपूर्वीच ये-जा करीत होते.

पोर्तुगीजांनी मायोर आणखी झिजवून त्याचा ‘मोर’ केला आणि तो पदनामांच्या शेपटीला लावला. कपितांव-मोर म्हणजे मुख्य कप्तान. गोव्यात त्यांचा एक अधिकारी होता ‘तानादार-मोर’. या एका किताबात किती मुलुख कोंबले आहेत पाहा: ‘ठाणे’ संस्कृत स्थानातून, ‘दार’ फारसीतून, ‘मोर’ लॅटिनमधून. असा शब्द घडवायला साम्राज्य लागते, किंवा घाईत असलेला कारकून.

तरीही मायोर हा म्हात्र्यांचा चुलतभाऊच. धातू एक, पण तुलनेचा प्रत्यय निराळा. संस्कृतात तुलना दोन रीतींनी होते: महीयस् आणि महत्तर. लॅटिन मायोर हा महीयसाच्या रांगेत बसतो. ‘तर’वाला सख्खा भाऊ हवा तर आणखी एक दार ठोठावावे लागते, आणि ते उघडले की समोर येतो ‘मागिस्तेर’. ‘मागिस’ म्हणजे अधिक, त्याला लागलेला ‘तेर’ हा आपल्या ‘तर’चा भाऊबंद, ग्रीकातला ‘तेरोस’ तोच, आपल्या ‘इतर’मधला तोच, इंग्रजी ‘अदर’च्या शेवटचाही तोच. मोठेपणाचा धातू तोच आणि तुलनेचा प्रत्ययही तोच. रोमन हुकूमशहाच्या हाताखालचा सेनानी ‘मागिस्तेर एक्वितुम’, म्हणजे घोडदळाचा म्हात्रे म्हणायला हरकत नाही. मागिस्तेरच्या धर्तीवर कमीपणाच्या ‘मिनुस’पासून ‘मिनिस्तेर’ झाला, अर्थ हलका माणूस, चाकर. शाळामास्तर मिनिस्टरपेक्षा मोठा, हे निदान लॅटिनमध्ये तरी खरे होते.

मागिस्तेर इंग्रजीत गेला आणि मास्टर झाला. गुरू, कसबाचा उस्ताद, घराचा धनी असे अर्थ पांघरत तो मध्ययुगात आडनाव बनला. ‘मास्टर्स’ असे रूप असेल तर बहुधा मास्टरचा मुलगा वा चाकर. सुरतेच्या वखारीतल्या त्या इसमाचे आडनाव हे. पारशांत मास्टर आडनाव आहे, पण ते इंग्रजी अमलातल्या धंद्यावरून पडलेले दिसते, वंशाने मिळालेले नव्हे. आपल्या बोलीतला ‘मास्तर’ तर शाळेपुरता न राहता शिंपी, कंडक्टर आणि तबलजी यांच्याही वाट्याला आला.

फ्रेंचांनी मागिस्तेरची जी झीज केली ती पाहून मराठी माणसाने थबकावे. मधला ‘ग’ गेला, ‘स’ गेला, आणि उरले ‘मेत्र’. तिकडे मागिस्त्रुम, मैस्त्र, मेत्र. इकडे महत्तर, म्हातरा, म्हात्रे. दोन भाषा, मधे हजारो कोस, आणि दोघींनी तोच शब्द जवळजवळ सारखाच घासला. विश्व एका आद्य अणूतून फुटून पसरत गेले अशी कल्पना १९३१मध्ये मांडणारे बेल्जियन धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र, यांचे आडनाव हेच. शब्दाला शब्द ठेवून मराठी केले तर ते जॉर्जराव म्हात्रे होतील, आणि व्युत्पत्तीच्या कोर्टात ते टिकेल.

पोर्तुगीजांचा मागिस्तेर झाला ‘मेस्त्र’. १५३४मध्ये वसई-साष्टीचा मुलूख त्यांच्या हाती गेला, १७३७मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. मधल्या दोनशे वर्षांत किनाऱ्यावरच्या सुतार-गवंड्यांना जो शब्द चिकटला तो ‘मेस्त्री’. सिंधुदुर्गात आणि गोव्यात हे आडनाव आहे. मुंबईकडे त्याचा ‘मिस्त्री’ झाला, पारशांतही शिरला. कोकणात ‘मेस्त्री’ म्हटले की हातात पटाशी, ठाण्यात ‘मिस्त्री’ म्हटले की थापी.

म्हणजे घोडबंदर रस्त्यावर आज मनोरा उभा राहतो तेव्हा जमीन म्हात्र्यांची असते, बांधकाम मिस्त्रीचे, आणि कोनशिलेवर नाव महापौरांचे. तिघेही ‘अधिक मोठे’. त्यांतला सख्खा कोण, चुलत कोण हे वर आलेच. वीटकाम कोसळले तर जबाबदारी तिघांतल्या नेमक्या कोणाची, हे मात्र व्युत्पत्तिशास्त्र सांगू शकत नाही.

एक दुवा पक्का करायचा आहे, आणि तो ग्रंथालयात मिळण्यासारखा नाही. म्हातारा हे पद होते आणि म्हात्रे हे आडनाव झाले, यांमधला सांधा जुन्या कागदांत असणार: एखाद्या सनदेत, पोर्तुगीज वा पेशवाई अमलातल्या पट्ट्यात, मोडीतल्या फेरफारात, जिथे एकाच माणसाच्या नावापुढे ‘म्हातारा’ हुद्दा म्हणून येतो आणि त्याच्या नातवाच्या नावापुढे ‘म्हात्रे’ आडनाव म्हणून. बाळकुम, कोलशेत, कावेसर, वडवली, ओवळे या गावांतल्या घरांत असे कागद ट्रंकेच्या तळाशी असू शकतात. जमिनी विकल्या गेल्या तशी त्यांची गरज संपली, असे समजून ते रद्दीत देऊ नयेत. मोडी वाचणारे जाणकार ठाण्यात अजून आहेत. निदान एकदा त्यांना दाखवावेत.